कामाशिवायची सायकल

सायकल आपल्या वस्तीला नवी नाही. नागपुरात एम्प्रेस मिल चालू होती तेव्हा पाळीची वेळ झाली की वस्त्यांच्या गल्ल्यांतून सायकली निघायच्या, हँडलला जेवणाचा डबा अडकवलेला. पेपर टाकणारी पोरं, बांधकामावर जाणारे मिस्त्री, भाजीचं टोपलं बांधून निघालेले काका, सगळ्यांचा संसार या दोन चाकांनी ओढला. पण ती कामाची सायकल होती. सकाळी माणसाला कामावर न्यायची आणि संध्याकाळी दमलेल्याला घरी आणायची. उरलेला वेळ ती भिंतीला टेकून उभी असायची, आणि घरातल्या बाईचा हात तिला लागला तर तो पुसण्यापुरता.

या वेळी आरोग्याच्या पानावर मला दुसऱ्या सायकलीबद्दल लिहायचं आहे. कुठे पोचायचं नाही, काही आणायचं नाही, कुणाला सोडायचं नाही, नुसतं फिरायचं म्हणून काढलेली सायकल. कधी एकटीने, कधी मैत्रिणींबरोबर.

वस्तीतल्या आरोग्य शिबिरात रक्तदाब मोजताना मी बायांना तीन प्रश्न विचारते. जेवता काय, झोपता किती, आणि नुसत्या आनंदासाठी घराबाहेर शेवटच्या कधी पडलात? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं लगेच मिळतात. तिसऱ्याला बहुतेक जणी हसतात. मग आठवून सांगतात: रेशन, दवाखाना, मयत, शाळेतली पालकसभा, मोर्चा. सगळी कामंच. ज्या बाईला चाळीस वर्षांत विनाकारण बाहेर पडता आलं नाही, तिचा रक्तदाब फक्त मिठामुळे वाढला असं मला वाटत नाही.

रस्ता कोणाचा?

फिरणं ही साधी गोष्ट आहे असं कुणाला वाटेल. आपल्या माणसांसाठी ती कधीच साधी नव्हती.

१९०१ साली साताऱ्याहून वडिलांना भेटायला निघालेली चार मुलं मसूर स्टेशनवर उतरली. त्यात नऊ-दहा वर्षांचा भीम होता. ही महारांची मुलं आहेत हे कळल्यावर एकही गाडीवान त्यांना न्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडं द्यायचं, गाडी मुलांनीच हाकायची आणि गाडीवानाने बाजूने चालायचं, या अटीवर बैलगाडी मिळाली. पुढे १९२९ साली बाबासाहेब चाळीसगावला उतरले. तोवर ते बॅरिस्टर होते, सरकारी समितीचे सदस्य होते. तिथल्या टांगेवाल्याने टांगा दिला, पण अस्पृश्याला बसवून हाकायला नकार दिला. वस्तीतल्या एका माणसाने लगाम हाती घेतला. त्याला सवय नव्हती. वाटेत अपघात झाला आणि बाबासाहेबांचा पाय मोडला. हे दोन्ही प्रसंग त्यांनी स्वतः ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये लिहून ठेवले आहेत. मी वॉर्डात काम केलेली परिचारिका आहे. केसपेपरवर अशा रुग्णाच्या नावापुढे ‘पडून फ्रॅक्चर’ एवढंच लिहितात. त्या फ्रॅक्चरचं खरं कारण जात होतं.

कितीतरी गावांत वरच्या आळीतून जाताना आपल्या माणसाने सायकलवरून खाली उतरायचं आणि ती हाताने ढकलत न्यायची, असा दंडक होता. सायकल विकत घ्यायला कुणाची ना नव्हती. ऐटीत बसून जायला मनाई होती. घोड्यावर बसलेल्या नवरदेवावर आजही दगड पडतात ते याच कारणाने. १९३६ साली ‘जातिप्रथेचे निर्मूलन’मध्ये बाबासाहेबांनी जयपूर संस्थानातल्या चकवाड्याची हकिकत दिली आहे. यात्रेहून परतलेल्या एका अस्पृश्याने आपल्या लोकांना तूप घातलेलं जेवण दिलं, म्हणून गावातले शेकडो लोक लाठ्या घेऊन पंगतीवर चालून आले. आपण राबलेलं त्यांना चालत होतं. आपण मजेत असलेलं खुपत होतं.

म्हणून मी म्हणते की आपल्या बाईने रविवारी सकाळी सायकल काढून नुसता फेरफटका मारणं ही लहान गोष्ट नाही.

फुरसत ही चैन नव्हे

“आमच्या पोटाचे प्रश्न सुटले नाहीत, तुम्ही काय मौजेचं बोलता?” हा प्रश्न मला कार्यकर्त्यांकडूनच ऐकायला मिळतो. त्यांना मी बाबासाहेबांकडे पाठवते. १९४५ साली आलेल्या ‘काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केले?’ या ग्रंथात फुरसतीचा मुद्दा त्यांनी ठामपणे मांडला आहे. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा: जनावराचं पोट भरलं की त्याचं भागतं. माणसाला मनाचीही वाढ करायची असते आणि ती फुरसतीशिवाय होत नाही. जगण्यासाठी लागणारे कष्ट कमी झाले तरच फुरसत मिळते आणि ते काम यंत्र करतं. म्हणून यंत्राला दोष देऊ नका, यंत्राचा लाभ मूठभरांच्या पदरात टाकणारी समाजरचना बदला.

सायकल हे यंत्रच आहे. पेट्रोल मागत नाही, लायसन्स मागत नाही, गल्लीतला पंक्चरवाला ती दुरुस्त करू शकतो. गरिबाला परवडेल असं फुरसतीचं दुसरं यंत्र मला तरी माहीत नाही.

आपल्या राज्यात मागास तालुक्यांतल्या शाळकरी मुलींना मानव विकास कार्यक्रमातून सायकली मिळतात. बिहारमध्ये २००६ पासून अशी योजना आहे आणि तिच्यामुळे माध्यमिक शाळेतल्या मुलींची संख्या वाढल्याचं अभ्यासातून दिसलं. चांगलंच आहे. पण योजनेच्या फाइलीत शाळेची हजेरी मोजतात. तीच सायकल घेऊन मुलगी रविवारी मैत्रिणींबरोबर तळ्यावर गेली का, हे कुणी मोजत नाही. घरातले तर म्हणतात, शाळा सुटली की सायकल आत लाव.

जगात हेच झालं

सायकलवर कोणी बसावं यावरून दुसरीकडेही भांडणं झाली. अमेरिकेतल्या ‘लीग ऑफ अमेरिकन व्हीलमेन’ या सायकलस्वारांच्या मोठ्या संघटनेने १८९४ साली सभासदत्व फक्त गोऱ्यांसाठी राखलं. बोस्टनमध्ये शिवणकाम करणारी किटी नॉक्स ही कृष्णवर्णीय तरुणी त्याआधीच सभासद झालेली होती. १८९५ च्या वार्षिक मेळाव्याला ती सभासद-कार्ड घेऊन हजर झाली आणि तिला प्रवेश द्यावा का यावरून वर्तमानपत्रं गाजली. सायकल चालवायला सोयीचे कपडे ती स्वतः शिवून घालायची, त्याचीही चर्चा झाली. तिला रस्त्याची मजा हवी होती आणि ती तिने सोडली नाही. चारच वर्षांनी, १८९९ मध्ये, मेजर टेलर हा कृष्णवर्णीय सायकलपटू मॉन्ट्रियलला जगज्जेता ठरला. संघटनेने तो वर्णभेदी नियम औपचारिकपणे रद्द केला तो १९९९ मध्ये.

आपल्या जवळचं उदाहरण तामिळनाडूतल्या पुदुकोट्टै जिल्ह्याचं. १९९१ च्या सुमारास तिथे ‘अरिवोळी’ ही साक्षरता चळवळ उभी राहिली आणि तिने बायकांना अक्षरांबरोबर सायकलही शिकवली. पत्रकार पी. साईनाथ यांनी हे सविस्तर लिहिलं आहे. शेतमजूर बाया, दगडखाणीत काम करणाऱ्या बाया, अंगणवाडी सेविका, गावपातळीवरच्या आरोग्य परिचारिका, सगळ्या सायकलवर बसल्या. लेडीज सायकली कमी पडल्या तेव्हा त्यांनी जेंट्स सायकली घेतल्या. काहींना त्याच आवडल्या, कारण पुढच्या दांडीवर लेकरू बसवता येतं. पाणी आणणं, माल विकणं ही कामं सोपी झालीच. पण बसची आणि नवऱ्याची वाट पाहणं संपलं याचं मोल त्या बायांना जास्त होतं.

शरीरात काय होतं

आता माझ्या विषयाकडे येते. पायडल मारताना मांड्यांचे आणि पोटऱ्यांचे मोठे स्नायू काम करतात. काम करणारा स्नायू रक्तातली साखर थेट ओढून घेतो, त्यासाठी त्याला इन्सुलिन कमी लागतं. हा परिणाम सायकल लावून ठेवल्यावरही काही तास टिकतो. मधुमेहाच्या रुग्णाला आम्ही ‘चाला, फिरा’ सांगतो ते याचसाठी.

पोटरीच्या स्नायूला दुसरं हृदय म्हणतात. तो आवळतो तेव्हा पायात साचलेलं रक्त वर ढकललं जातं. दिवसभर उभं राहून धुणीभांडी, झाडलोट किंवा वॉर्डात ड्युटी करणाऱ्यांचे पाय संध्याकाळी सुजतात. त्यांना हा पंप चालू होण्याने आराम पडतो. नियमित व्यायामाने रक्तदाब काही अंकांनी उतरतो, झोप गाढ लागते, मन हलकं होतं.

गुडघेदुखीवाल्या बाया विचारतात, सायकलने गुडघे झिजणार तर नाहीत? उलट आहे. सायकलवर शरीराचं वजन सीटवर असतं, गुडघ्यावर भार कमी येतो आणि सांध्याभोवतीचे स्नायू बळकट होतात. मात्र सीट फार खाली असेल तर गुडघा जास्त दुमडून दुखतो. हाडांना बळकटी यायला अंगाचं वजन पायावर घेणारा व्यायाम लागतो, तो सायकलने होत नाही. म्हणून चाळिशीनंतर सायकलबरोबर चालणं आणि जिने चढणंही ठेवा.

किती चालवायची? जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. म्हणजे आठवड्यातले पाच दिवस अर्धा-अर्धा तास. मध्यम म्हणजे किती, याची खूण सोपी आहे. सायकल चालवताना बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये. गाणं जमत असेल तर थोडा वेग वाढवा. बोलताही येत नसेल तर कमी करा.

एकटीने

एकटीने सायकल चालवण्यात एक गोष्ट अशी आहे जी कोणत्याही औषधात नाही. पुढे चौक येतो. डावीकडे जायचं की उजवीकडे, हे कुणाला विचारावं लागत नाही. आपल्या बायांच्या दिवसात स्वतः ठरवलेल्या गोष्टी किती असतात ते मोजून पाहा. स्वयंपाक घरच्यांच्या आवडीचा, उठायची वेळ नळाची, पैसा नवऱ्याच्या हिशेबातला. अर्ध्या तासात दहा वळणं स्वतः ठरवलेली बाई घरी येते तेव्हा तिचा आवाज थोडा वेगळा असतो. मी हे पाहिलं आहे.

विहारात आपण आनापानसतीला बसतो, श्वासाकडे लक्ष देतो. पुष्कळ जणी म्हणतात, ताई, बसलं की डोक्यात घरच फिरतं. त्यांना मी म्हणते, सकाळच्या रिकाम्या रस्त्यावर सायकल चालवताना लक्ष देऊन पाहा. पाय फिरतो, श्वास येतो-जातो, गालाला वारा लागतो. डोळे आणि कान रस्त्यावरच हवेत, त्यामुळे मन फार लांब पळत नाही. कानात इअरफोन घालू नका. मागून येणारा ट्रक ऐकू यायला हवा, आणि पाखरंही.

एकटीने जाताना घरी किंवा मैत्रिणीला रस्ता सांगून ठेवा. मोबाईल चार्ज असू द्या. अडचण आली तर ११२ हा आपत्कालीन क्रमांक आहे. सुरुवात ओळखीच्या रस्त्याने आणि उजाडल्यावर करा. ही परवानगी मागणं नव्हे. ट्रेकला जाणारे पुरुषही एवढी काळजी घेतातच.

मैत्रिणींबरोबर

आम्ही सात-आठ जणी दर रविवारी निघतो. त्यात एक सफाई कामगार ताई आहेत, दोघी अंगणवाडीच्या, एक कॉलेजची पोरगी, एक निवृत्त शिक्षिका. इंदोऱ्याहून मेट्रोच्या पुलाखालून ऑटोमोटिव्ह चौक, तिथून कामठी रोडने ड्रॅगन पॅलेस. अंतर दहा-बारा किलोमीटरच्या आसपास. उजाडता निघालो की ट्रकांची गर्दी सुरू होण्याआधी पोचतो. तिथे थोडा वेळ शांत बसायचं, घरून नेलेले पोहे खायचे आणि ऊन तापायच्या आत परतायचं. कधी दीक्षाभूमी, कधी फुटाळा. सगळ्यांच्या पायात जोर आला की फेटरीजवळच्या चिचोलीला जायचा बेत आहे. तिथल्या शांतिवनात बाबासाहेबांच्या वापरातल्या वस्तू जपून ठेवल्या आहेत.

सफाई कामगार ताई पहिल्या रविवारी कामठी रोडवर मध्येच थांबल्या. मला वाटलं दम लागला. त्या म्हणाल्या, “इतकी वर्षं रस्ते झाडले बाई. रस्त्यावरून फिरायला आजच निघाले.” आणि पुन्हा सायकलवर बसल्या.

गटाचे नियम थोडेच ठेवावेत. सगळ्यात हळू चालवणारीच्या वेगाने गट चालतो. मोठ्या रस्त्यावर डाव्या बाजूने एकामागे एक, शेजारी-शेजारी गप्पा मारत नाही. गप्पांसाठी थांबायचं. सर्वांत पुढे आणि सर्वांत मागे रस्त्याची सवय असलेली बाई. कुणाची सायकल पंक्चर झाली तर सगळ्या थांबतात. स्पर्धा नाही, किलोमीटरचा हिशेब नाही, फोटोसाठी घाई नाही.

वीणेची तार

उत्साहाच्या भरात पहिल्याच दिवशी पंधरा किलोमीटर जाऊन आठवडाभर अंथरुणाला खिळणाऱ्याही असतात. त्यांच्यासाठी सोण कोळिविस थेरांची गोष्ट आहे. घरात फुलासारखे वाढलेले सोण भिक्खू झाले आणि चंक्रमण करताना इतके चालले की तळपायातून रक्त आलं. तरी काही साधेना, म्हणून ते निराश झाले. ते पूर्वी वीणा वाजवत. भगवान बुद्धांनी त्यांना विचारलं की तार फार ताणली तर वीणा वाजते का? फार सैल सोडली तर वाजते का? सोणांना समजलं.

पहिला आठवडा दहा-पंधरा मिनिटं पुरे, सपाट रस्त्यावर. दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवा. दुसऱ्या दिवशी अंग थोडं जड वाटलं तर ठीक. सांधा सुजला किंवा छातीत दुखलं तर थांबा.

आधी तपासून घ्या

आपल्या समाजात, विशेषतः विदर्भात, सिकलसेलचं प्रमाण मोठं आहे, म्हणून आधी त्याबद्दल. या आजारात तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. अंगातलं पाणी कमी होणं, अति दमणं, फार थंडी आणि प्राणवायूची कमतरता यांमुळे हे वाढतं. जे नुसते वाहक आहेत, ज्यांच्या रिपोर्टवर ‘एएस’ लिहिलेलं असतं, त्यांना साधी सायकल चालवायला हरकत नाही. मात्र भर उन्हात, पाणी न पिता, शर्यतीसारखी चालवू नये. ‘एसएस’ रुग्णांनी डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करावी. हळू, सपाट रस्त्याने, वारंवार पाणी पीत, दम लागायच्या आधी विसावा घेत. कडाक्याच्या थंडीत पहाटे निघू नये, घामाघूम अंगावर गार पाणी घेऊ नये. हातपाय किंवा छाती दुखू लागली, धाप लागली किंवा ताप आला तर वाट न पाहता दवाखान्यात जावं. आमच्या गटातली कॉलेजची पोरगी एसएस आहे. लहानपणापासून तिला ‘तू बस, तू खेळू नकोस’ एवढंच ऐकायला मिळालं होतं. डॉक्टरांनी होकार दिल्यापासून ती चार-पाच किलोमीटर येते, ठरलेल्या ठिकाणी आईबरोबर थांबते आणि परतताना आमच्यात सामील होते. तपासणी केलीच नसेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा सरकारी रुग्णालयात चौकशी करा.

दुसरा विषय रक्तक्षय. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्त कमी आढळलं. दोन पायडल मारताच धाप लागत असेल तर दोष वयाला देऊ नका, आधी हिमोग्लोबिन तपासा. गरोदर नसलेल्या बाईत ते १२ च्या वर हवं. आठच्या खाली असेल तर आधी उपचार, मग सायकल.

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या घेत असाल तर उपाशीपोटी निघू नका. खिशात साखरेची पुडी ठेवा. थरथर, घाम, डोळ्यांपुढे अंधारी आली तर लगेच थांबून तीन चमचे साखर खा. छातीत दुखण्याचा त्रास असणाऱ्यांनी, सिझेरियन किंवा पोटाचं ऑपरेशन झालेल्यांनी डॉक्टरांचा होकार घ्यावा. गरोदरपणात नव्याने सायकल शिकू नये, पडण्याचा धोका असतो. तेव्हा चालणं चांगलं.

पाळीत सायकल चालवायला काहीही हरकत नाही. आणि सायकलने मुलीचं ‘कौमार्य’ जातं ही भीती मनातून काढून टाका. तो पडदा कुणाचा तसा, कुणाचा असा असतो. त्यावरून मुलीबद्दल काहीही सिद्ध होत नाही. कौमार्य पाहणारी ‘दोन बोटांची चाचणी’ बाईच्या प्रतिष्ठेचा भंग करते असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्येच सांगितलं आहे. या भीतीपायी ज्यांनी मुलींना सायकल घेऊन दिली नाही, त्यांनी आता द्यावी.

चाळिशीत शिकायची कशी

लहानपणी भावाची सायकल कैची मारत चालवली असेल तर शरीर ते विसरत नाही. अजिबात येत नसेल तरी शिकता येतं. सीट इतकी खाली करा की दोन्ही तळपाय जमिनीला टेकतील. मेकॅनिककडून पायडल काढून घ्या. मोकळ्या मैदानात पायाने ढकलत सायकल पुढे न्या, हळूहळू पाय उचला. आधी तोल आणि ब्रेक शिकायचे, पायडल नंतर. नजर चाकावर नको, समोर दहा-पंधरा फुटांवर हवी. रोज वीस मिनिटं दिली तर बहुतेक जणी थोड्याच दिवसांत चालवू लागतात. मागून कॅरियर धरून पळणाऱ्या नवऱ्याची गरज पडत नाही.

शिकल्यावर सीट वर घ्या. पायडल सर्वांत खाली असताना त्यावर टाच ठेवली की पाय सरळ व्हायला हवा. मग चवडा ठेवून चालवताना गुडघा किंचित वाकतो, तेच योग्य. सीटचं टोक वर आलेलं नको, नाजूक जागी बधिरपणा येतो. सुती आतले कपडे घाला. साडी किंवा ओढणी खोचून घ्या, चेनवर कव्हर असू द्या. चाकात हवा पुरेशी आहे का, दोन्ही ब्रेक लागतात का, हे निघण्याआधी पाहा. हेल्मेट असेल तर घालाच. मागे लाल रिफ्लेक्टर आणि पुढे दिवा हवाच. विदर्भात उन्हाळ्यात सकाळी साडेआठच्या आत घरी या, पाण्याची बाटली नेहमी बरोबर असू द्या.

नवी सायकल हवीच असं नाही. जुन्या बाजारातून घेतलेली, टायर-ट्यूब आणि ब्रेकचे रबर बदललेली साधी सायकल या कामाला पुरते. गिअरच्या महागड्या सायकलीसाठी कर्ज काढू नका.

आता काय करायचं

आपल्या प्रत्येक वस्तीत दहा-वीस सायकली धूळ खात पडलेल्या असतात. पोरगा मोटारसायकलवर गेला, मुलगी लग्न होऊन गेली, सायकल जिन्याखाली राहिली. त्या विहाराच्या आवारात आणा. वस्तीतल्या पंक्चरवाल्याला एक दिवसाची मजुरी देऊन दुरुस्त करून घ्या. वहीत नाव लिहून ज्या बाईला हवी तिने न्यावी आणि परत आणावी. महिला मंडळाने पौर्णिमेच्या कार्यक्रमात एक घोषणा केली तरी हे सुरू होतं.

पुरुष बांधवांनाही एक काम आहे. रविवारी सकाळचे दोन तास चहा-नाश्ता आणि लेकरं तुमच्याकडे. बायको आल्यावर ‘कुठे गेली होतीस’ असं विचारू नका. कसा होता रस्ता, ते विचारा.

लोक बोलतील. आमच्या गल्लीतही सुरुवातीला ओट्यावरच्या बायका म्हणाल्या, “या वयात हे काय खूळ?” त्यातल्या दोघी आता मैदानावर पायडल काढलेली सायकल ढकलत असतात. एकीच्या घोट्याला खरचटलं होतं. मी हळद लावू नका म्हणून सांगितलं, साबणपाण्याने जखम धुवून पट्टी बांधली आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायला पाठवलं. दुसऱ्या सकाळी ती सर्वांच्या आधी मैदानावर हजर होती.

नमो बुद्धाय, जयभीम.